वजनाचा तक्ता आणि आजीचे वय

उंची-वजनाचा तक्ता बहुतेक शिक्षकांच्या परिचयाचा असतो. वजनाला (किलो) उंचीच्या (मीटर) वर्गाने भागायचे, हे गणित वरच्या वर्गातील मुले चटकन सोडवतात. उत्तर 'योग्य' या रकान्यात बसले की विषय संपतो. आमचा आक्षेप आहे तो या संपण्यालाच, विशेषतः माणूस साठीच्या पुढचा असेल तेव्हा.

हे सूत्र बेल्जियमचे संख्याशास्त्रज्ञ अडॉल्फ केटले यांचे, १८३२ च्या सुमाराचे. त्यांना रोगनिदान करायचे नव्हते. 'सरासरी माणूस' कसा असतो ते शोधायचे होते. १९७२ मध्ये अॅन्सेल कीज यांनी त्याला 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव दिले. लोकसमूहांची तुलना करायला हे माप आजही सोयीचे आहे. एका व्यक्तीवर निकाल द्यायला ते अपुरे पडते.

एक उदाहरण घेऊ. समजा, हिंगोली जिल्ह्यात कळमनुरीजवळच्या एका गावातील आजींची उंची १.५ मीटर आहे. पंचेचाळिसाव्या वर्षी त्या हळदीच्या काढणीला जात, सोयाबीन कापत. तेव्हा वजन ५० किलो होते. आता त्या सत्तरीच्या आहेत. गुडघे दुखू लागले, मुले म्हणाली, "आई, आता बसून खा." वजन अजूनही ५० किलोच आहे. निर्देशांक तेव्हा २२.२, आताही २२.२, भारतीयांसाठी सुचवलेल्या २३ च्या मर्यादेच्या आत. पण मधल्या काळात ५ किलो स्नायू झिजले आणि ५ किलो चरबी वाढली असेल तर? उणे पाच आणि अधिक पाच, बेरीज शून्य! काटा बरोबर आहे, पण त्याला विचारलेला प्रश्न चुकीचा आहे.

या आक्षेपाला पुण्यातूनच एक प्रसिद्ध पुरावा मिळाला आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापले गेले. दोघांचाही निर्देशांक २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. वर्गात दाखवावे असे हे चित्र आहे. मात्र त्यालाही एक मर्यादा आहे: त्यात चरबी मोजली आहे, ताकद नाही. वृद्धांच्या बाबतीत दोन्ही पाहावे लागतात.

कारण हे दोन दोष एकमेकांना खतपाणी घालतात. जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा मोठा वाटा स्नायू उचलतात. ते घटले की मधुमेहाचा धोका वाढतो. पोटातील जादा चरबी दाहकारक द्रव्ये सोडते, त्यामुळे स्नायूंची झीज वाढते. अशक्त माणूस कमी हलतो, म्हणून चरबी आणखी साठते. शेवटी एक दिवस तोल जातो आणि खुब्याचे हाड मोडते.

म्हणूनच "वजन कमी करा, कमी खा" हा सरसकट सल्लाही आम्हाला धोक्याचा वाटतो. नुसत्या उपासाने चरबीबरोबर स्नायूही जातात. भाकरीच्या जोडीला तुरीचे घट्ट वरण, हरभरा, दूध, चालत असल्यास अंडे हवे. आणि जोर लावणारा व्यायाम हवा. बोस्टन येथील १९९० च्या एका प्रयोगात नव्वदीच्या घरातील दहा वृद्धांना असा व्यायाम दिला. आठ आठवडे तो पूर्ण करणाऱ्या नऊ जणांच्या मांड्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. "या वयात आता काय होणार?" या प्रश्नाचे हे उत्तर आहे.

विद्यार्थ्यांनी घरी दोन मापे घ्यावीत. शिंप्याच्या टेपने कंबरेचा घेर मोजावा. स्त्रियांत ८० आणि पुरुषांत ९० सेंटिमीटरच्या पुढे तो गेला तर सावध व्हावे. मग हात छातीवर घेऊन खुर्चीवरून पाच वेळा उठता-बसता येते का ते पाहावे. आशियाई तज्ज्ञांच्या २०१९ च्या निकषानुसार १२ सेकंद किंवा अधिक वेळ लागल्यास तपासणी करून घ्यावी. मोजताना खुर्ची भिंतीला टेकवावी, कोणीतरी शेजारी उभे राहावे. चक्कर आली किंवा दुखले तर थांबावे. ही मापे म्हणजे निदान नव्हे, पुढे डॉक्टरांना काय विचारायचे ते त्यांतून कळते.

तक्ता भिंतीवरून काढा, असे आम्ही म्हणत नाही. त्याच्या शेजारी एक खुर्ची ठेवा, एवढेच.