देश तसा वेश

अनोळखी प्रोग्रॅम उघडला की मी बटणांचा रंग नाही, त्यांचा क्रम बघतो. विंडोजच्या डायलॉगमध्ये ‘ओके’ आधी, ‘कॅन्सल’ नंतर. मॅकवर होकाराचं बटण उजव्या टोकाला. क्रम चुकला की सवयीनं गेलेला हात भलत्याच बटणावर पडतो. विंडोज, मॅक, लिनक्स अशी तिन्ही गावं हिंडणाऱ्या, प्रोग्रॅमला बटणं-मेन्यू पुरवणाऱ्या टूलकिटचं सोंग पहिल्यांदा उघडं पडतं ते इथं.

सोंग घेण्याच्या दोन तऱ्हा जुन्याच आहेत. एकीत गावकऱ्यांचेच कपडे उसने घ्यायचे, म्हणजे बटण, यादी, मेन्यू ऑपरेटिंग सिस्टीमकडूनच मागायचे. जावाच्या एडब्ल्यूटीनं १९९६ साली हेच केलं. पण सगळ्या गावांत मिळेल तेवढंच घ्यायचं ठरल्यावर हाती फार थोडं लागलं, साधा तक्ताही नाही. जावाचंच नंतरचं स्विंग दुसऱ्या टोकाला गेलं : सगळं स्वतःच रंगवायचं. त्याचं मूळचं ‘मेटल’ रूप कुठल्याच गावचं नव्हतं आणि नक्कल करायची तर उशीर ठरलेला. विंडोज एक्सपी २००१ मध्ये आलं. स्विंगनं तो वेश अंगावर चढवला २००३ मध्ये. तोवर जावाचा प्रोग्रॅम लांबूनच ओळखू यायचा.

नॉर्वेतल्या ट्रोलटेकनं घडवलेलं क्यूटी मला या सगळ्यांत अस्सल बहुरूपी वाटतं. तेही स्वतःच रंगवतं, पण विंडोजवर ब्रश उचलण्याआधी तिथल्या थीम यंत्रणेला विचारतं. डायलॉगमधल्या बटणांचा क्रमही गाव बघून लावतं. डब्ल्यूएक्सविजेट्स प्रामाणिकपणे सिस्टीमची खरी कंट्रोल्स वापरतं, मात्र प्रत्येक गावचे खाचखळगे प्रोग्रॅमरच्या वाट्याला येतात.

इलेक्ट्रॉननं तर सोंगच सोडलं. २०१३ मध्ये सुरू झालेल्या या पद्धतीत प्रत्येक प्रोग्रॅम स्वतःचा अख्खा क्रोमियम ब्राउझर पाठीवर घेऊन येतो. असाच बांधलेला व्हीएस कोड तिन्हीकडे जवळपास सारखाच दिसतो. लोक कुरकुरतात ते मेमरीबद्दल, रूपाबद्दल फारसं नाही. कुरकुरणार तरी कशाच्या जोरावर? विंडोज ११ मध्ये फाइलवर राइट क्लिक केलं की नवा मेन्यू, ‘शो मोअर ऑप्शन्स’ दाबलं की जुना. सेटिंग्जच्या शेजारी कंट्रोल पॅनेल अजून नांदतंय. देशालाच एक वेश उरलेला नाही.

वेशाची चर्चा म्हणूनच मला आता शिळी वाटते. वागण्याचं मात्र तसं नाही. स्वतः रंगवणाऱ्याला अक्षरंही स्वतःच जुळवावी लागतात. क्यूटी आणि क्रोमियम त्यासाठी हार्फबझ ही लायब्ररी वापरतात. अशी सोय नसलेल्या प्रोग्रॅममध्ये शीर्षकपट्टीवरची मराठी नीट दिसते, कारण ती सिस्टीम लिहिते, आणि आतल्या मजकुरात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या भलत्या बाजूला लटकते. स्क्रीन रीडरवर काम करणाऱ्याला तर वेश दिसतच नाही. सिस्टीमचं बटण त्याला ‘मी बटण’ असं आपणहून सांगतं. रंगवलेलं बटण हे नुसतं चित्र; त्याला वाचा वेगळी द्यावी लागते. विंडोजवर स्विंगच्या प्रोग्रॅमला ती जावा ॲक्सेस ब्रिजमुळे मिळते, आणि तो आधी कुणीतरी चालू करून ठेवावा लागतो.