‘पास’ची जातकुळी

इंग्रजी शब्द मराठीत आला की आपण त्याचे कूळ विचारतो. येथे येऊन तो काय करतो, हे क्वचितच पाहतो. माधव जूलियन यांचा ‘भाषाशुद्धि-विवेक’ १९३८ साली प्रसिद्ध झाला. त्या काळापासून चालत आलेल्या वादात ‘पास’ हा साधा शब्द तपासून पाहण्याजोगा आहे.

लॅटिन ‘पासुस’ म्हणजे पाऊल. त्यातून फ्रेंचमधले ओलांडण्याचे क्रियापद आणि पुढे इंग्रजी ‘पास’. परीक्षा, ठराव, चेंडू, परवाना, डोंगरवाट या सर्व अर्थांत पार जाण्याची कल्पना आहे. सरलेल्या काळाचा ‘पास्ट’ही त्याच क्रियापदाचे रूप.

मराठीने यांतले सगळेच घेतले नाही. परीक्षा, ठराव, बसचा पास, कारखान्याचा गेटपास घेतला. डोंगरवाट नाकारली, कारण घाट आणि खिंड आपल्यापाशी होतेच. उलट ‘घाट’ इंग्रजीत गेला आणि वाटेचे नाव अवघ्या पर्वतरांगेला मिळाले.

शुद्धिवादी ‘उत्तीर्ण’ पुढे करतात. शब्द देखणा आहे. ‘तॄ’ धातूमुळे त्यातही तरून पार जाणेच आहे. परंतु ‘नापास’चे काय करावे? नाराज, नालायक यांतला फारसी ‘ना’ इंग्रजी ‘पास’ला जोडून घडलेला हा शब्द लंडनला कळणार नाही, तेहरानलाही नाही. भोपाळच्या हिंदीत मूल ‘फेल’ होते. मराठी घरात ते ‘नापास’ होते. अशा शब्दाला परका म्हणणे हा न्याय नव्हे.

खरी चिंता दुसऱ्या ‘पास’ची आहे. संस्कृत ‘पार्श्व’पासून मराठीत ‘पाशी’, ‘पासून’ आले, हिंदीत ‘पास’ आला. हा शब्द नात्याने आपला चुलत भाऊ. त्याच्याविरुद्ध कोणी शुद्धीची मोहीम काढणार नाही. पण सोनागिरी-पिपलानीच्या घरांत ‘त्याच्याजवळ’च्या जागी ‘त्याच्या पास’ ऐकू येते, तेव्हा शब्दसंग्रहात भर पडत नाही; वाक्याचा सांधाच बदलतो. नाम पाहुण्यासारखे येते आणि घरच्या रीतीप्रमाणे वागते. शब्दयोगी अव्यय मात्र घराची रीतच बदलते.

म्हणून शब्दाच्या कुळापेक्षा त्याचे काम पाहावे. इंग्रजी ‘पास’ मराठीच्या परीक्षेत केव्हाच उतरला आहे. जपायचे आहे ते ‘पाशी’ आणि ‘जवळ’.