'प्रोग्रॅमर उत्तर देत नाही' : शेवटच्या पानावरील एका तक्त्याविषयी

शाळेसाठी घेतलेल्या इलेक्ट्रॉनिक संचाबरोबर एक पुस्तिका येते. तिचे पहिले पान कौतुकाचे, मधली पाने प्रयोगांची आणि अगदी शेवटचे पान 'अडचणी व उपाय' या तक्त्याचे असते. प्रयोगांची पाने आपण चाळतो. शेवटचे पान मात्र शब्दन् शब्द वाचतो, कारण ते उघडायची वेळ येते तेव्हा वर्गात चाळीस मुले बसलेली असतात आणि बोर्डावरचा दिवा काही केल्या लागत नसतो. इतक्या गरजेने वाचल्या जाणाऱ्या मजकुराची चिकित्सा मात्र आमच्या पाहण्यात नाही. ती येथे करावी म्हणतो.

आमच्यासमोरची पुस्तिका आर्डुइनो उनो या बोर्डाच्या संचाची आहे. ती काढणाऱ्यांचे नाव देत नाही, कारण हाच तक्ता थोड्याफार फरकाने आम्ही इतरत्रही पाहिला आहे. डाव्या रकान्यात 'प्रोग्रॅम अपलोड होत नाही' एवढेच. उजव्या रकान्यात सात उपाय: केबल बदला, पोर्ट तपासा, बोर्डाचे नाव तपासा, ड्रायव्हर पुन्हा टाका, संगणक बंद करून चालू करा, सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाका आणि शेवटी, 'बोर्ड खराब असू शकतो, बदलून घ्या'.

यातील एकही ओळ खोटी नाही. तरीही हा तक्ता विज्ञानाच्या वर्गात लावण्याजोगा नाही, असे आमचे मत आहे. त्यात 'करा' आहे, 'पाहा' कोठेच नाही. पहिला उपाय फसला तर त्यातून काय कळले, हे न सांगता तो दुसऱ्याकडे ढकलतो, दुसरा तिसऱ्याकडे, आणि सातव्या पायरीवर बोर्ड कपाटात जातो.

कपाट म्हणतो ते खरोखरचे. २०१६ पासून अटल टिंकरिंग प्रयोगशाळा सुरू झाल्या आणि असे बोर्ड अनेक शाळांत पोचले. एका तालुक्याच्या गावी शिबिरासाठी गेलो असता तेथील विज्ञान शिक्षकांनी आम्हांला कपाट उघडून दाखवले. आत अकरा बोर्ड, प्रत्येकावर कागदी पट्टी, 'नादुरुस्त'. डेडस्टॉक रजिस्टरात तशी नोंदही झालेली. नववीतील एक मुलगी मागे उभी होती. शेवटचा बोर्ड तिच्या हातून 'गेला' होता आणि तेव्हापासून तिने टेबलाजवळ येणे सोडले होते. तिने हळूच विचारले, "सर, माझ्यामुळे जळला का?" पडद्यावर लाल अक्षरांत आलेला संदेश तिला पाठ होता: 'प्रोग्रॅमर इज नॉट रिस्पॉन्डिंग'. प्रोग्रॅम तिने लिहिलेला, म्हणजे प्रोग्रॅमर तीच. उत्तर तिलाच देता आले नव्हते!

तेव्हा तक्त्याच्या जोडीने या संदेशाचीही चिकित्सा करायला हवी. बोर्डावरील एटीमेगा ३२८पी या चिपमध्ये ३२ किलोबाइट फ्लॅश स्मृती असते. तिच्या एका टोकाला ५१२ बाइटांत मावणारा बूटलोडर नावाचा छोटा प्रोग्रॅम आधीच बसवलेला असतो. त्याचे काम दारावर बसलेल्या शिपायाचे: नवा प्रोग्रॅम आला तर आत घ्यायचा, नाही तर जुना चालू करून द्यायचा. अपलोडचे बटण दाबले की संगणक आधी चिपला रीसेट करतो. त्यासाठीचा धक्का डीटीआर नावाच्या रेषेवरून ०.१ मायक्रोफॅराडच्या कपॅसिटरमार्फत पोचतो. रीसेट झाल्यावर शिपाई सुमारे सेकंदभर जागा असतो. तेवढ्या वेळात संगणक ३० आणि २० हे दोन बाइट पाठवतो, आणि १४ आणि १० हे दोन बाइट परत येण्याची वाट पाहतो (हे आकडे षोडशमान पद्धतीतले). ही झाली हाक आणि ओ. दहा हाकांना ओ आली नाही की एव्हीआरड्यूड हे अपलोड करणारे सॉफ्टवेअर हात टेकते आणि तो लाल संदेश छापते.

मग यात 'प्रोग्रॅमर' कोण? ज्यांनी १९९०च्या आसपास ८७५१ किंवा ईप्रॉम हाताळले असतील त्यांना आठवेल की प्रोग्रॅमर म्हणजे एक पेटीवजा उपकरण असे. चिप तिच्या खोबणीत बसवायची आणि पेटीने तिच्यात प्रोग्रॅम भरायचा. एव्हीआर चिपांसाठी अ‍ॅटमेल कंपनीची अशीच एसटीके ५०० नावाची पाटी होती. आर्डुइनोचा बूटलोडर तिची भाषा बोलतो, म्हणून एव्हीआरड्यूडला वाटते की आपण अशाच एखाद्या उपकरणाशी बोलत आहोत. उपकरण जाऊन त्याचे काम चिपमधल्या शिपायाकडे आले, संदेशातला शब्द मात्र तसाच राहिला. तंत्रज्ञांना त्याचे काही वाटत नाही. नववीच्या मुलीने तो अंगावर घेतला.

नावाहून मोठा दोष पुढे आहे. संदेश सांगतो तो फक्त एवढाच की हाकेला ओ आली नाही. हाक निघालीच नाही, वाटेत हरवली, शिपाई झोपला होता, की त्याने दिलेली ओ परतीच्या वाटेवर अडली, यांतले काहीही असू शकते. संदेश छापला जातो ती जागा सॉफ्टवेअरने प्रयत्न सोडल्याची आहे, दोषाची नव्हे. हा फरक मुलांना कळला पाहिजे, आणि तक्ता नेमका तोच पुसून टाकतो.

वाट लांब असली तरी ती मधोमध कापता येते आणि त्याला दोन तारा पुरतात. बोर्डावरचे बाकी सर्व जोड काढा. रीसेट आणि जीएनडी या पिना एका तारेने जोडा, म्हणजे मुख्य चिप निजून राहील. दुसऱ्या तारेने ० आणि १ या पिना एकमेकींना जोडा. आता सिरियल मॉनिटर उघडून एखादे अक्षर पाठवा. ते जसेच्या तसे परत आले तर संगणक, ड्रायव्हर, पोर्ट, केबल आणि बोर्डावरची यूएसबी चिप हे सारे एका फटक्यात निर्दोष ठरतात. तक्त्यातले चार-पाच उपाय करायची गरजच उरत नाही. अक्षर परत आले नाही तर मुख्य चिपला दोष देण्याचे कारण नाही. रीसेटची वाट मात्र या चाचणीत तपासली जात नाही. त्यासाठी दोन्ही तारा काढून मॉनिटर पुन्हा उघडावा. उघडताक्षणी १३ क्रमांकाच्या पिनेचा दिवा भरभर लुकलुकला तर रीसेट पोचते आहे आणि शिपाईही जागा आहे. ही चाचणी मुलांना प्रयोग म्हणूनच द्यावी असे आम्ही सुचवू. सर्किट म्हणजे काय हे आमच्या शिबिरातील कित्येकांना दिवा लावताना कळले नव्हते, ते परत आलेले अक्षर पाहून कळले.

त्या अकरा बोर्डांकडे वळू. चार बोर्डांचा पोर्टच संगणकात दिसत नव्हता. खोक्यातल्या केबली भ्रमणध्वनी चार्ज करायच्या होत्या. त्यांत वीजपुरवठ्याच्या दोनच तारा असतात, माहितीच्या नसतात. बोर्डावरचा दिवा लागतो, म्हणून केबल चांगली आहे असे वाटते. 'केबल बदला' हा उपाय शाळेने केला होता, पण त्याच खोक्यातली दुसरी केबल घेऊन. 'पोर्ट दिसतो का?' एवढा प्रश्न तक्त्यात असता तर हे चार बोर्ड वाचले असते.

पाच बोर्ड खेळण्यातल्या गाडीवर बसवलेले, ब्लूटूथच्या पट्टीसकट. येथे पुस्तिकेचा अपराध थेट आहे. तिच्याच मधल्या पानावर ब्लूटूथच्या तारा ० आणि १ या पिनांना जोडायला सांगितले आहे. संगणक मुख्य चिपशी बोलतो तो याच दोन रेषांवरून. मूळ उनोच्या आराखड्यात यूएसबी चिप आणि या पिना यांच्यामध्ये १ किलोओहमचे रोधक आहेत. बाहेरून थेट जोडलेल्या पट्टीचा आवाज त्यामुळे संगणकाच्या आवाजावर मात करतो. हाक शिपायापर्यंत पोचतच नाही. दोन तारा काढल्या, प्रोग्रॅम गेला, तारा पुन्हा जोडल्या. पुस्तिका मधल्या पानावर अडचण निर्माण करते आणि शेवटच्या पानावर तिचा उल्लेखही करत नाही. ही दोन पाने एकाच माणसाने एकत्र वाचली असतील असे वाटत नाही.

दहाव्या बोर्डाची कथा निराळी. त्याची चिप कोणीतरी हौसेने बदलली होती. दुकानातून आणलेल्या कोऱ्या चिपमध्ये बूटलोडर नसतो, म्हणजे दारावर शिपाईच नाही. मग ओ कोण देणार? दुसऱ्या चांगल्या बोर्डाला प्रोग्रॅमर बनवून सहा तारांनी थेट चिपशी बोलायला गेलो, तेव्हा मात्र एक चांगला संदेश वाचायला मिळाला. प्रत्येक चिपमध्ये तीन बाइटांची ओळखखूण असते. एव्हीआरड्यूडने सांगितले की ३२८पीची अपेक्षित खूण १ई ९५ ०एफ आहे आणि वाचलेली खूण १ई ९५ १४ आहे. पहिला बाइट अ‍ॅटमेलचा, दुसरा ३२ किलोबाइट फ्लॅशचा, तिसरा वेगळा: ही ३२८पी नसून तिची सख्खी बहीण ३२८ होती. नेमके नाव सांगितले आणि काम झाले. या खुणेच्या जागी नुसती शून्ये किंवा नुसते एफएफ दिसले असते तर तारा, वीजपुरवठा किंवा चिपचे घड्याळ तपासले असते. काय हवे होते आणि काय मिळाले, या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की पुढचा विचार वाचणाऱ्याला करता येतो. ईप्रॉमच्या पेट्यांचे पडताळणीचे संदेशही असेच असत: पत्ता, हवा तो बाइट, सापडला तो बाइट. कोऱ्या ईप्रॉममध्ये सर्वत्र एफएफ असते आणि भरताना १ चा ० करता येतो, ० चा १ नव्हे. त्यामुळे सापडलेला बाइट एफएफ असेल तर चिपने काही ऐकलेच नाही, आणि हव्या त्या बाइटाहून त्यात शून्ये जास्त असतील तर ती आधी नीट पुसली गेली नाही, एवढे निदान विद्यार्थीसुद्धा करत.

तक्त्याच्या बाजूनेही बोलले पाहिजे. पस्तीस मिनिटांच्या तासात शिक्षकाला हाक आणि ओ यांचे व्याख्यान देता येत नाही. केबल बदलून पाहणे हेच तेव्हा शहाणपणाचे. शिवाय खोल माहितीच्या नावाखाली शाळेच्या माथी चिपची शेकडो पानी माहितीपत्रिका मारावी असेही आम्ही म्हणत नाही. तिच्यात 'फ्यूज' नावाचे जे कायम टिकणारे बिट आहेत, त्यांत ० म्हणजे 'केलेले' आणि १ म्हणजे 'न केलेले'. ही उलटी रीत पहिल्या वाचनात भल्याभल्यांना चकवते. पण सात आज्ञांऐवजी 'पोर्ट दिसतो का? अक्षर परत येते का? दिवा लुकलुकतो का?' असे तीन प्रश्न छापायला तेवढीच जागा लागते.

अकराव्या बोर्डावर अक्षर परत आले नाही. त्याची यूएसबी चिप खरोखर गेली होती. त्या मुलीने खोबणीतून मुख्य चिप अलगद काढली, दुसऱ्या बोर्डावर बसवली, दिव्याचा प्रोग्रॅम भरला आणि मग ती ब्रेडबोर्डवर लावली. दिवा लागेना. कोणीतरी म्हणाले, "आता ही पण गेली." तिने पट्टी चिकटवायला नकार दिला आणि चिपला घड्याळ कोठून मिळते ते शोधत बसली. कोरी चिप आतल्या ८ मेगाहर्ट्झच्या घड्याळाला आठाने भागून १ मेगाहर्ट्झने चालते. बूटलोडर भरतानाच फ्यूज बदलून ती बाहेरच्या स्फटिकावर अवलंबून केलेली असते, आणि स्फटिक तर जुन्या बोर्डावर राहिला होता. १६ मेगाहर्ट्झचा एक स्फटिक आणि २२ पिकोफॅराडचे दोन कपॅसिटर दुसऱ्या दिवशी बाजारातून आणले. दिवा दुपारच्या सुट्टीआधी लागला. रजिस्टरातल्या दहा नोंदी मुख्याध्यापकांच्या सहीने खोडल्या. अकरावी मात्र तशीच ठेवावी लागली, कारण नोंद बोर्डाची होती आणि चालू झाली होती ती चिप.