‘त्रास’ शब्दाची अवनति

आपल्या नित्याच्या बोलण्यांत ‘त्रास’ हा शब्द इतका स्वस्त झाला आहे कीं, तो मूळचा काळजाचा थरकांप सांगणारा शब्द होय, हें कोणास सांगितलें तर तो हंसेल. डासांचा त्रास, शेजाऱ्यांचा त्रास, जिने चढण्याचा त्रास! संस्कृतांत मात्र ‘त्रस्’ म्हणजे भिऊन कांपणें. आणि लॅटिनांतून इंग्रजींत गेलेला ‘टेरर’ हा त्याचाच दूरचा भाऊबंद. एकाच घरचे दोन शब्द; एकानें आपला दरारा राखला, दुसरा कटकटीच्या कामाला लागला.

शब्दांचे अर्थ झिजतात, याबद्दल तक्रार करण्यांत हंशील नाहीं. परंतु भरताचे ३३ व्यभिचारी भाव मराठींत उतरवितांना ‘त्रास’ हा शब्द जसाच्या तसा ठेवून दिला, म्हणजे वाचकाच्या मनांत काय उभें राहतें? फार तर वैताग. नाट्यशास्त्रांत तर या भावाचीं कारणें वीज, उल्कापात, मेघगर्जना, श्वापदांची आरोळी अशीं दिलीं आहेत. आणि अंग आक्रसणें, कंप, रोमांच हीं त्याचीं चिन्हें. विजेच्या कडकडाटानें कोणाला वैताग येत नसतो.

भयानक रसाचा स्थायी भाव ‘भय’. ‘त्रास’ त्याहून निराळा. १६व्या शतकांत रूप गोस्वामींनीं ‘भक्तिरसामृतसिंधु’ या ग्रंथांत हा भेद स्पष्ट केला: एकाएकीं मन व गात्रें हलवून सोडतो तो त्रास, आणि मागचा-पुढचा विचार होऊन उपजतें तें भय. हा केवळ शास्त्र्यांचा काथ्याकूट नव्हे. ‘शाकुंतला’च्या पहिल्या अंकांतील हरिण घ्या; मम्मटानें तें भयानकाचें उदाहरण म्हणून दिलें आहे. मान वळवून मागच्या रथाकडे पुनःपुन्हां पाहणारें, धापेनें उघडलेल्या तोंडांतून अर्धवट चावलेलें गवत गळत चाललेलें तें हरिण नुसतें दचकलेलें नाहीं. बाण येणार हें त्याला ठाऊक आहे, म्हणूनच तें वळून पाहतें. कालिदासानेंही तेथें ‘भय’ हाच शब्द योजिला आहे.

ॲरिस्टॉटलची शोकान्तिकेची व्याख्या याच कसोटीला लावून पाहावी. तींतील ‘फोबॉस’ला १७८९ सालीं ट्वायनिंगनें ‘टेरर’ म्हटलें, पुढें बुचरनें ‘फीअर’ म्हटलें. आमच्या मतें बुचरच बरोबर. येऊं घातलेल्या अनिष्टाच्या कल्पनेनें होणारी पीडा, अशी भीतीची व्याख्या ॲरिस्टॉटलनें आपल्या वक्तृत्वशास्त्रावरील ग्रंथांत स्वतःच केली आहे. आणि ती रंगभूमीवरील देखाव्यापेक्षां कथानकाच्या रचनेंतून उपजावी, हा त्याच्या काव्यशास्त्राचा आग्रह. ईडिपसची चौकशी एकेक पाऊल पुढें सरकते, तसतसें आपलें अंग गार पडत जातें. तें विजेसारखें एकाएकीं नव्हे. म्हणून हिंदींत ‘ट्रॅजेडी’साठीं ‘त्रासदी’ हा जो शब्द रूढ झाला आहे, तो कानाला गोड असला तरी फसवा आहे. आमची ‘शोकान्तिका’ निदान भलतें कांहीं सांगत नाहीं. (तिच्यांत भयाला जागाच उरली नाहीं, हा दोष मात्र पदरीं घ्यावाच लागतो.)

मग या अकस्मात थरकांपाला मराठींत म्हणावें काय? ‘दहशत’ सुचेल. तो शब्द फारसींतून आलेला, मुळांत दिङ्मूढ होण्याचा अर्थ असलेला. पण मराठीनें त्याला वेगळेंच वळण दिलें. ‘माझी भीति’ मला वाटणारीही असूं शकते. ‘माझी दहशत’ मात्र दुसऱ्यांनीं बाळगावयाची! ‘धास्ती’ दिवसेंदिवस पुरते, म्हणून ती भयाच्या अंगाची. राहिली ‘धडकी’. ती शास्त्रीय ग्रंथांत बसविणें कित्येकांना गांवढळपणाचें वाटेल. पण छाती एकदम धडधडूं लागण्याची क्रिया तिच्या नादांतच आहे, आणि भरताला अभिप्रेत असलेल्या भावाच्या इतक्या जवळ दुसरा कोणताही मराठी शब्द जात नाहीं. रसविचाराच्या पुढच्या पुस्तकांत ‘त्रास, म्हणजे धडकी’ एवढें जरी छापलें, तरी तेथें विजेचा उल्लेख कां आला, हें विद्यार्थ्याला विचारावें लागणार नाहीं.