जेन्नेची मशीद : जतन वास्तूचे की रिवाजाचे?

वारसा-जतनाच्या चर्चेत ‘मूळ स्वरूप’ हा शब्दप्रयोग फार सहजपणे केला जातो. पश्चिम आफ्रिकेतील माली देशात, जेन्ने येथील जामा मशिदीपाशी मात्र तो अडखळतो. तेथील जुनी मशीद एकोणिसाव्या शतकात सेकू आमदू यांच्या राजवटीत दुर्लक्षित राहून ढासळली. आजची इमारत फ्रेंच अमलात, १९०७ साली, त्याच जागी स्थानिक गवंड्यांनी उभारली. १९८८ मध्ये जेन्नेचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला, तेव्हा तिला शंभर वर्षेही झाली नव्हती.

शिवाय ती मातीची आहे. पावसाने दरवर्षी झिजते आणि दरवर्षी लिंपली जाते. माती व भाताचा कोंडा भिजवून आंबवला जातो, मुले तो तुडवतात, स्त्रिया पाणी वाहतात, मोहल्ल्या-मोहल्ल्यांत चढाओढ लागते. भिंतीतून बाहेर आलेल्या ताडाच्या लाकडांना चित्रमय पुस्तकांत सजावट मानले जाते. प्रत्यक्षात गवंड्यांची ती कायमची परांची होय.

आगाखान सांस्कृतिक न्यासाने हाती घेतलेल्या जीर्णोद्धाराचे मूल्यमापन या पार्श्वभूमीवर व्हावयास हवे. सप्टेंबर २००६ मध्ये छताच्या पाहणीवरून गावात दंगल उसळली. पुढे काम झाले, साचलेले लिंपणाचे जाड थर उतरवण्यात आले. तांत्रिकदृष्ट्या हे योग्यच होते. थरांचे ओझे छताला पेलवणारे नव्हते, आणि श्रद्धेच्या नावाखाली ते तसेच ठेवा म्हणणे हा भाबडेपणा ठरला असता. नोव्हेंबर २००९ मधील अतिवृष्टीत किब्ल्याच्या बाजूच्या एका मनोऱ्याचा वरचा भाग कोसळला, यावरून धोका काल्पनिक नव्हता हेही दिसते. परंतु या काळात वार्षिक लिंपणात खंड पडला. इमारत सावरत असताना ती सावरणारे हात रिकामे राहिले, याची नोंद हिशेबात कोठे करावयाची?

१९६४ ची व्हेनिस सनद मुख्यतः दगडी वास्तूंच्या अनुभवातून आली. १९९४ च्या नारा दस्तऐवजाने अस्सलपणाच्या कल्पनेत परंपरा, तंत्र व वापर यांनाही स्थान दिले. जेन्नेत मात्र या दुसऱ्या विचाराचा उपयोग अर्धाच झाला. मशिदीबाबत लोकपरंपरेचे कौतुक केले गेले. घरांबाबत बंधने आली. वारंवार लिंपण्याचा खर्च परवडत नाही म्हणून एखादा रहिवासी भिंतीला भाजलेल्या फरशा लावतो, तेव्हा तो वारशाची हानी करणारा ठरतो. गवंड्याची मजुरी, मातीची वाहतूक, कोंड्याची किंमत हे प्रश्न त्याच्याच अंगावर टाकले जातात. (आपल्याकडील अभ्यासक्रमांतही वारसा म्हणजे राजवट आणि सन; मजुरीचा उल्लेख क्वचितच.)

२०१६ मध्ये जेन्नेचे नाव धोक्यातील वारसास्थळांच्या यादीत गेले. देशातील अशांतता हे एक कारण होतेच. त्याबरोबरच ऐतिहासिक नगरातील बांधकाम-साहित्याची खालावलेली अवस्था हेही कारण नोंदले गेले. म्हणजे पुन्हा तीच माती आणि तोच खर्च.