‘लिनक्स डिव्हाइस ड्रायव्हर्स’मधील इंटरप्ट-विवेचन : एक उणीव

जोनाथन कॉर्बेट, आलेस्सांद्रो रुबिनी व ग्रेग क्रोआ-हार्टमन यांच्या ‘लिनक्स डिव्हाइस ड्रायव्हर्स’ या ग्रंथाची तिसरी आवृत्ती २००५ साली निघाली. ती कर्नल २.६.१० वर आधारलेली आहे. ग्रंथ विनामूल्य मिळतो, आणि त्यातील उदाहरणे बेताच्या साधनांवर चालतील अशी रचलेली आहेत. अमरावती-अकोल्याकडील पदव्युत्तर विद्यार्थ्यास तो आजही जवळचा वाटल्यास नवल नाही. तथापि बिनतारी जाळ्याच्या ड्रायव्हरकडे वळू पाहणाऱ्यास त्यातील इंटरप्टची कल्पना कितपत पुरी पडते, याचा विचार येथे कर्तव्य आहे.

ग्रंथाचा गुण प्रथम सांगितला पाहिजे. दहाव्या प्रकरणात पॅरलल पोर्टाची ९ व १० क्रमांकांची टोके तारेने जोडून खराखुरा इंटरप्ट निर्माण करावयास लेखक शिकवितात. सतराव्या प्रकरणातील ‘स्नल’ तर केवळ स्मृतीत वसणारे काल्पनिक जाळे आहे; त्यास कार्डही लागत नाही. हँडलर आटोपशीर असावा, त्याने निद्रिस्त होऊ नये, उरलेले काम मागाहून करावे, हा धडा मनावर चांगला ठसतो. आवक अतोनात वाढली म्हणजे दर पॅकेटागणिक इंटरप्ट घेणे घातक ठरते, हे मोगल व रामकृष्णन यांनी १९९६ साली दाखविले होते. त्याच जातीचा ‘नॅपी’ हा उपायही ग्रंथात आला आहे. कापसाच्या ऐन हंगामात मापाऱ्याने दर गाडीस उठून दाराशी न जाता ओळीने उभ्या गाड्या हिंडून पाहाव्या, तसाच हा प्रकार होय.

उणीव निराळीच आहे. ‘स्नल’च्या स्थितिदर्शक शब्दात दोनच खुणा आहेत : पॅकेट आले, व पॅकेट गेले. शिवाय तेथील इंटरप्ट बाहेरून येतच नाही. पॅकेट पाठविणारे फंक्शनच हँडलरास हाक मारते. त्यामुळे इंटरप्ट म्हणजे मालाची वर्दी, आणि वर्दी थोडी उशिरा घेतली तरी बिघडत नाही, अशी समजूत नकळत दृढ होते. तारेच्या जाळ्यात ती बहुधा खपून जाते. बिनतारी जाळ्यात ती खपत नाही.

ॲथेरॉस चिपांसाठी २००८ साली कर्नलमध्ये आलेला ‘ॲथ-नाइन-के’ हा ड्रायव्हर पाहावा. ॲक्सेस पॉइंटाने सामान्यतः दर १०२.४ मिलिसेकंदांनी बीकन प्रसृत करावयाचा असतो. ती वेळ येण्याच्या थोडे आधी चिप एक स्वतंत्र इंटरप्ट देते. पॅकेट आलेले नसते, गेलेलेही नसते. केवळ वेळ होत आलेली असते. तेवढ्या अवधीत ड्रायव्हरने बीकन सिद्ध केला पाहिजे. गाडी बडनेऱ्यास येऊन ठेपल्यावर सिग्नल देऊन काय उपयोग? झोपी गेलेले फोन याच बीकनसाठी जागे होतात व आपल्यासाठी काही राखून ठेवले आहे काय ते पाहतात. बीकन चुकला की त्यांचे जागणे व्यर्थ जाते. म्हणूनच या ड्रायव्हरात बीकनचे काम आवक-जावकीपासून वेगळ्या टास्कलेटकडे सोपविले गेले.

ग्रंथात कालाचे विवेचन नाही असे नव्हे. ते सातव्या प्रकरणात आहे. इंटरप्ट दहाव्यात, जाळे सतराव्यात. ही तिन्ही प्रकरणे एका ठिकाणी भेटत नाहीत, एवढाच आमचा आक्षेप. बिनतारी ड्रायव्हरांचा सामाईक पाया ‘मॅक-८०२११’ हा कर्नलमध्ये २००७ साली, म्हणजे ग्रंथानंतर आला. तेव्हा लेखकांस फारसा दोष देता येणार नाही. आज तो ग्रंथ विद्यार्थ्याच्या हाती देणाऱ्या शिक्षकास मात्र ही सबब चालणार नाही.

उपाय दुर्घट नाही. ‘स्नल’ आजच्या कर्नलशी जुळवून घ्यावा व त्यात तिसरी खूण घालावी : वेळ झाली. दर १०२.४ मिलिसेकंदांनी टायमरकडून ती उठवावी, पॅकेटांचा भडिमार करावा, आणि किती बीकन चुकले ते मोजावे. प्रथम तिन्ही खुणांचे काम एकाच रांगेत ठेवून, मग तिसरीचे वेगळे काढून. यास नवे कार्ड लागत नाही. प्रयोगशाळेतील साधे यंत्र पुरते. ग्रंथात राहून गेलेले प्रकरण विद्यार्थी त्या दोन आकड्यांतून स्वतःच वाचू शकेल.