निळी खूण आणि आपली तक्रार

साहित्यावर लिहिणाऱ्याने ट्विटरवरच्या तक्रारींवर का लिहावे, असे कोणी विचारील. माझे उत्तर सरळ आहे. घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीच्या वस्त्यांतील आमची मुले आज आपले पहिले वाक्य वहीत नव्हे, अशा जागी लिहितात. ते लेखन आहे, आणि लेखन आहे म्हणून त्याची समीक्षाही झाली पाहिजे. नुसते कौतुक करणे म्हणजे त्या मुलांना गंभीरपणे न घेणे होय.

येथे मी दोन प्रसंगांतील प्रतिक्रिया तपासतो. दोन्ही एकाच वस्तूविषयी आहेत. २००९ पासून ट्विटर काही खात्यांच्या नावापुढे निळी खूण लावू लागले. खाते त्याच माणसाचे आहे, एवढाच तिचा मूळ अर्थ. पण खूण थोड्यांनाच मिळाली, म्हणून ती प्रतिष्ठा झाली. २०१७ मध्ये कंपनीने सर्वसाधारण अर्ज घेणे थांबवले. निवडक लोकांना खूण देणे मात्र चालू राहिले.

पहिला प्रसंग नोव्हेंबर २०१९ चा. पत्रकार दिलीप मंडल यांच्या खात्यावर निर्बंध आले आणि दलित, आदिवासी, ओबीसी वापरकर्ते खवळून उठले. खूण कोणाला, कोणत्या नियमाने, आणि नियम ठरवणाऱ्यांत आमचे कोण, असे त्यांनी विचारले. भारतातल्या सगळ्या निळ्या खुणा रद्द करा, ही घोषणा त्यातूनच निघाली. काहींनी खुणेला जानव्याची उपमा दिली. नियम सर्वांना सारखेच आहेत, असे कंपनीने सांगितले.

दुसरा प्रसंग एप्रिल २०२३ चा. कंपनी इलॉन मस्क यांच्या हाती गेली होती. जुन्या खुणा काढून घेतल्या गेल्या. आता दरमहा पैसे भरील त्याला खूण. भारतात तेव्हा मोबाईलवरचा दर ९०० रुपये होता. अंधेरीजवळ जुहूला राहणारे अमिताभ बच्चन यांनी आपल्या बोलीत लिहिले की पैसे भरले आहेत, हात जोडून झाले, आता पायही धरायचे काय? त्यांची खूण परत आली. सारा देश हसला, मीही हसलो.

हसून झाल्यावर मात्र प्रश्न पडतो. त्यांना विनोद का सुचू शकला? खूण नसली तरी त्यांना ओळखणारे कोट्यवधी आहेत. ज्याचे नावच कोणी विचारीत नाही, त्याची तक्रार विनोदी होत नाही. एका तक्रारीत गेलेली वस्तू परत मागितली होती, दुसरीत नियम मागितला होता. ह्या फरकाला मी जाणिवेचा फरक म्हणतो.

तरीही आपल्या बाजूची समीक्षा टाळता येत नाही. जानव्याच्या उपमेने अपमान नेमका पकडला, मालकी पकडली नाही. जानवे पैसे देऊन आम्हांला मिळत नव्हते. ही खूण मात्र मालकाने एका फटक्यात बाजारात मांडली, आणि आपल्या घोषणेची धारच गेली. खूण कोणाला, हे आपण विचारले. घर कोणाचे, हे विचारायचे राहिले.

माझ्या रात्रशाळेतील एका विद्यार्थ्याने पाच वर्षे अशाच एका जागी कविता लिहिल्या. (ती जागा कोणती, ह्याला येथे महत्त्व नाही.) एक दिवस खाते बंद झाले. कारण कळले नाही, पत्राला उत्तर आले नाही. मी विचारले, "वही?" तो म्हणाला, "सर, वही नव्हती." मला राग कंपनीचा आलाच, पण वही ठेव, असे त्याला कधीच न सांगणारा शिक्षक मी होतो, त्याचाही आला.

१९२० मध्ये 'मूकनायक' निघाला तेव्हा पैसे देऊ केले असतानाही 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नाही. बाबासाहेबांनी 'केसरी'त जागा मागत बसण्यात आयुष्य घालवले नाही. त्यांनी पत्रामागून पत्र काढले, पुढे छापखाना उभा केला. स्वतःचे घर सुरक्षित असते असे नाही. जून २०१६ मध्ये दादरचे आंबेडकर भवन पाडले गेले, त्यात बुद्धभूषण छापखानाही गेला. पण ते आपले होते; म्हणून जुलैत हजारो माणसे रस्त्यावर उतरली आणि मोर्चा कोठे न्यायचा हे त्यांना ठाऊक होते.

ट्विटरचे आता नावही उरले नाही. जुलै २०२३ पासून ते 'एक्स' आहे. मुलांनी तेथे जरूर लिहावे, भांडावे, नियम मागावा. पण प्रत आपल्याजवळ ठेवावी. भाड्याच्या भिंतीवर लिहिलेली कविता घरमालक कधीही चुन्याने पुसू शकतो. त्या विद्यार्थ्याला मी वही दिली आहे. आठवतील तेवढ्या कविता तो तिच्यात उतरवीत आहे.